चकचकीत मुठीची सुरी ओल्या हातातून निसटते, मूठ न बिघडवता पकड कशी वाढवायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरी तीन सुऱ्यांचा सेट भेट आलाय, शीशमच्या मुठी, पितळेच्या पिना, आरशासारखं पॉलिश, दिसायला सुंदर, पण ओल्या हाताने सासूबाईंच्या हातून मधली सुरी दोनदा घसरली आणि एकदा अंगठ्याला लागलं. शिवाय तुमच्या भावाकडे ट्रेकिंगचा एक चाकू आहे, त्याची मूठ हिरव्या मायकार्टाची (राळेत दाबलेलं कापड), तीही चकचकीत, आणि घाम आला की हातात फिरते. कुणी सांगितलंय कानसीने खाचा पाडा, कुणी सांगितलंय सायकलच्या हँडलची टेप गुंडाळा.

मी इथेच इंदूरला रामबागेत असतो, घराखालीच वर्कशॉप आहे, बावीस-तेवीस वर्षं झाली मुठी बसवणं, बदलणं आणि धार लावणं हेच काम करतोय. खाचा आणि टेप दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. माझा नियम असा की जे परत पहिल्यासारखं करता येतं ते आधी करायचं आणि जे परत करता येत नाही ते सगळ्यात शेवटी. पॉलिश उतरवलेलं परत चढवता येतं, पण कानसीने खाल्लेलं लाकूड कुणी परत आणून देत नाही.

आता आधी हे समजून घ्या की घसरतं का, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. दुकानात तीच मूठ हातात घेतली तेव्हा छान वाटली होती ना? ते खरंच होतं. कोरडा हात आणि गुळगुळीत पृष्ठभाग यांची पकड वाईट नसते, उलट कधीकधी खडबडीतपेक्षा जास्तच असते, कोरडा काचेचा ग्लास धरून बघा, बोटं चिकटल्यासारखी बसतात, कारण बोटाची कातडी काचेला जवळजवळ पूर्ण टेकते. पण त्याच ग्लासाला तेलाचा हात लावा की संपलं. पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर कातडी आणि मूठ यांच्यामध्ये जाऊन बसतो, त्याला निसटून जायला जागाच मिळत नाही आणि हात त्या थरावर तरंगतो. गाडीचा टायर झिजून गुळगुळीत झाला की कोरड्या रस्त्यावर चालून जातं आणि पहिल्या पावसात गाडी सरकते, तेच आहे हे. म्हणजे आपल्याला मूठ काटेरी करायची नाहीये, ओल्या थराला बाहेर पडायला बारीक बारीक जागा करून द्यायच्यात फक्त. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं.

मंगल कार्यालयातल्या आचाऱ्यांच्या सुऱ्या माझ्याकडे धारेला येतात. सकाळपासून कांदा, कोथिंबीर, टोमॅटो, हात कायम ओला, वर तेल. त्यांच्या एकाही सुरीच्या मुठीवर चमक नसते, साधं लाकूड, धुऊन धुऊन पांढरट पडलेलं, किंचित खरखरीत झालेलं, आणि ती सुरी हातातून हलत नाही. महागडी चकचकीत सुरी मी त्यांच्यापैकी कुणाकडेच बघितली नाही, आणली तरी चार दिवसांत ते कढईच्या घासणीने तिचं पॉलिश स्वतःच उडवतात. दिवसभर सुरी चालवणारी माणसं ही, त्यांच्या हाताला जे कळलंय त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मुठीला हात लावायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे धार. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की मनगट वळतं, मूठ पिळली जाते, टोमॅटोच्या सालावरून पातं सरकतं आणि दोष मुठीला जातो. माझ्याकडे "मूठ घसरते" म्हणून आलेल्या सुऱ्यांपैकी बऱ्याच नुसती धार लावून परत गेल्यात. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसत्या स्वतःच्या वजनाने ठेवून ओढा, साल कापली गेली पाहिजे. नाही कापली तर आधी धार लावून घ्या, मग आठ दिवस वापरा, आणि तरी घसरत असेल तर पुढे वाचा.

दुसरी गोष्ट आकार, आणि ही जास्त महत्त्वाची. तुमच्या सुरीला पात्याचीच पट्टी मागे मुठीत शेवटपर्यंत गेलेली आहे आणि तिच्या दोन बाजूंना लाकडाच्या पट्ट्या पिनांनी बसवल्यात, ज्यांना हल्ली सगळे स्केल्स म्हणतात. कारखान्यात त्या पट्ट्या बफिंग मशीनवर घासताना कडा इतक्या गोल होतात की मूठ लाटण्यासारखी होऊन जाते. लाटणं हातात फिरतं, ते फिरण्यासाठीच असतं! सुरीची मूठ अंड्यासारखी लांबट गोल पाहिजे, बाजू थोड्या सपाट, म्हणजे डोळे मिटून धरली तरी पात्याची धार कुठे आहे ते हाताला कळतं. मागच्या टोकाला खाली थोडी चोच असेल तर ओढताना करंगळी तिथे अडकते. आणि पुढे, पात्याची टाच, म्हणजे धारेचं मुठीकडचं टोक, मुठीपेक्षा खाली उतरलेली असेल तर बोट धारेवर जायला तिथे अडतं.

आकार बघायची एक सोपी पद्धत सांगतो. पात्यावर जाड पुठ्ठा दुमडून वरून टेप लावा. तळहाताला कोरडं पीठ नाहीतर पाट्यांचा खडू चोळा आणि ज्याला सुरी वापरायचीये त्यानेच, म्हणजे तुमच्या घरी सासूबाईंनीच, कांदा कापताना धरतात तशी मूठ धरायची. मग सोडा आणि बघा पांढरं कुठे लागलंय. निम्मी मूठ कोरडीच राहिली असेल तर ती त्यांच्या हाताला लहान आहे किंवा चुकीच्या जागी गोल आहे, आणि अशा मुठीवर कितीही खरखरीतपणा आणा, टेकतच नाही तिथे पकड येणार कुठून? वयस्कर हातांची बोटं पूर्ण मिटत नाहीत, सांधे धरलेले असतात, त्यांना जरा जाड मूठ बरी पडते, बारीक मूठ त्यांना जास्त आवळून धरावी लागते आणि हात लवकर थकतो. असं निघालं तर त्या सुरीचं पॉलिश काढण्यापेक्षा पट्ट्याच बदलून घ्या, सरळ सांगतो. पण पांढरं सगळीकडे नीट लागलंय, आकार बरा आहे आणि नुसती चमक नडतेय, तर घासायचं काम घरी दोन संध्याकाळांचं आहे, तेल वाळायचे दिवस वेगळे.

आता शीशम. आधी मूठ भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात धुवा, पात्याला पुठ्ठा असतानाच. खूपदा असं होतं की घसरतं ते पॉलिशमुळे नाही, मुठीवर फोडणीच्या तेलाचा थर साचून पिवळट चिकट झालेला असतो, कोरडा असताना चिकट आणि ओला झाला की बुळबुळीत. धुतल्यावर एक रात्र वाळू द्या.

मग वर नक्की काय चढवलंय ते ओळखायचं. कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन मुठीच्या पोटाकडे, जिथे दिसत नाही तिथे, अर्धा मिनिट घासा. चिकट झालं आणि कापसाला तांबूस रंग आला तर चपड्याचं पॉलिश, म्हणजे लाख. स्पिरिटने काही झालं नाही तर तेच थिनरने करा, मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीने ढिम्म हललं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा इपॉक्सी, हे कडक प्लॅस्टिकसारखे थर घासूनच काढावे लागतात. आणि नखाने ओरखडा काढल्यावर नखात पांढरं येत असेल तर नुसतं मेण आहे, मग तुम्ही सुटलात, ते टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतं. थिनर आणि टर्पेंटाइन खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, हे सांगायला नको, तरी सांगतो कारण मुठींचं काम बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या ओट्यावरच होतं.

पॉलिश पेपर घ्यायला सियागंज बाजारात जाल तर एकदम सगळे नंबर आणू नका, २२०, ३२० आणि ४०० एवढेच पुरे, एकेक शीट, नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. काळा वॉटर पेपर घ्या, तो ओलाही चालतो. २२० ने वरचा काचेसारखा थर काढायचा, कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे मुठीच्या लांबीने. आडवं घासलं की ओरखडे राहतात आणि ते तेल लावल्यावर जास्त उठून दिसतात, आधी दिसत नाहीत म्हणून माणूस फसतो. पेपर नुसत्या बोटाने धरू नका, मागे लाकडाचा छोटा ठोकळा किंवा कडक खोडरबर ठेवा. कारण पितळेची पिन कडक आणि लाकूड मऊ, बोटाने घासलं की पिनेभोवतीचं लाकूड जास्त खाल्लं जातं आणि पिन बटणासारखी वर राहते, मग ती तळहाताला टोचते. पॉलिश सगळीकडे गेलं हे कळतं कसं, तर ओल्या फडक्याने पुसा, जिथे पाणी थेंबासारखं उभं राहतं तिथे पॉलिश अजून आहे आणि जिथे जिरतं तिथे लाकूड उघडं झालंय. शीशमची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका, बऱ्याच लोकांना त्याने शिंका येतात, काहींना अंगावर खाज उठते, साधा एन-९५ मास्क लावा.

२२० नंतर ३२०, मग ४०० चा एकच हलका हात. तिथेच थांबायचं. इथेच सगळे चुकतात. हाताला चांगलं लागायला लागतं म्हणून माणूस ६०० घेतो, मग १००० घेतो, आणि दोन तासांनी परत तोच आरसा तयार. ४०० च्या पुढचा पेपर मुठीच्या कामाचा नाही, तो दाखवायच्या वस्तूंचा.

आणि आता जे सांगतोय ते करा म्हणजे करा, फरक हातालाच कळेल. ४०० झाल्यावर मूठ ओल्या फडक्याने नीट पुसा आणि दोन-तीन तास वाळू द्या. लाकडाचे आडवे पडलेले बारीक तंतू पाण्याने फुगून उभे राहतात, हात फिरवला तर पिकल्या भेंडीसारखी लव लागते. सुतार ही लव परत घासून काढतात कारण त्यांना टेबल गुळगुळीत हवं असतं. आपण अर्धीच काढायची, वापरलेल्या, झिजलेल्या ४०० ने एकदाच वरवर, म्हणजे टोचणार नाही पण राहील. तेल लावल्यावर हे तंतू तिथेच कडक होतात आणि ओल्या हाताला तीच पकड मिळते. शीशमला मुळातच उघडी छिद्रं असतात, कारखान्यात ती भरून वर पॉलिश चढवतात, आपण ती परत मोकळी केली एवढंच.

तेलाबद्दल जरा जास्त बोलतो कारण यात चुकीचा सल्ला फार फिरतो. खोबरेल, शेंगदाण्याचं, सरसोचं, यातलं एकही लावू नका. ही तेलं वाळून कडक होत नाहीत, लाकडात ओलीच राहतात, मूठ महिनोन्महिने तेलकट आणि वर खवट वास. लागतं ते वाळणारं तेल. जवसाचं, ज्याला इथे सगळे अलसीचं म्हणतात, ते किंवा टंग ऑइल. ही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत घट्ट होतात, नुसती सुकत नाहीत. किराणा दुकानातलं खायचं अलसीचं तेल कच्चं असतं, ते घट्ट व्हायला कित्येक दिवस, पावसाळ्यात कित्येक आठवडे घेतं. पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं, त्यात लवकर वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात, ते खायचं नाही पण मुठीला उत्तम, आणि पूर्ण वाळल्याशिवाय सुरी स्वयंपाकात घ्यायची नाही. बोटाने पातळ थर द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या, पूर्ण म्हणजे पूर्ण, वर काही राहिलं तर ते चिकट साय होऊन बसतं. एक दिवस सोडा, परत एक थर, असे तीन. चौथ्याची गरज नाही, त्यानंतर थर वर चढायला लागतो आणि आपण जिथून निघालो तिथेच पोचतो. शेवटी आठवडाभर हवेशीर जागी राहू द्या.

त्या फडक्यांचं मात्र गांभीर्याने घ्या. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकलं तर तेल वाळताना उष्णता तयार होते, घडीतून ती बाहेर जात नाही आणि फडकं आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा आणि मग फेका. मे महिन्यात इंदूरची दुपार कशी असते ते तुम्हाला माहितीये, म्हणून कळकळीने सांगतोय.

वरून मेण लावावं का, तर मधमाशीचं मेण थोडंसं, न चमकवता चालतं, ते हाताला किंचित चिकट लागतं. कार्नोबा लावू नका, ते कडक आणि गुळगुळीत होतं, गाड्यांना चमक आणायला वापरतात ते.

आता भावाचा चाकू. मायकार्टा म्हणजे कापड किंवा कागदाचे थर फिनॉलच्या राळेत दाबून केलेली शीट, बेकेलाइटची चुलत बहीण म्हणा. १९१०च्या सुमारास अमेरिकेत वेस्टिंगहाउसने विजेच्या कामासाठी काढली, आणि आपल्याकडेही असा माल बरीच वर्षं इलेक्ट्रिकच्या पॅनेलमध्ये इन्सुलेशनसाठी वापरात आहे, हायलम शीट म्हणून बाजारात मागितली जाते तीच जात. सांवेर रोडच्या भंगारातून मी तिचे तुकडे आणून कितीतरी मुठी केल्यात. हिची गंमत अशी की आत सुती कापड असतं. घासून आरसा केला की वर नुसती राळ उरते आणि ती ओली झाली की साबणासारखी. पण तीच मूठ २२० ने घासून सोडली की कापडाचे धागे उघडे पडतात आणि ओल्या हातात उलट जास्त घट्ट बसते, कारण धागे थोडं पाणी ओढून घेतात. म्हणून मायकार्टा चमकवणं मला कधी पटलंच नाही, तिचा सगळ्यात चांगला गुण आपणच घालवतो.

तर भावाला सांगा, २२० चा काळा पेपर, ओला करून, मुठीभर फिरव, मग भांडी घासायच्या हिरव्या घासणीने दोन मिनिटं, धू, वाळव, झालं. तेल नाही, मेण नाही, काही नाही. रंग फिका पडल्यासारखा दिसेल, वापरून हाताच्या तेलाने परत गडद होतो. याहून जास्त पकड हवी असेल तर काचेवर नक्षी करणाऱ्या दुकानात सँडब्लास्टिंगचं मशीन असतं, तिथे जायचं. पात्यावर आणि पिनांवर जुनी सायकल ट्यूब कापून गुंडाळायची, वर टेप, आणि त्याला सांगायचं कमी प्रेशरने दोन हात मार. राळ थोडी खाल्ली जाते, धागे वर राहतात. तशी मूठ पावसात सुद्धा हातात रुतल्यासारखी बसते.

जी-टेनची, म्हणजे राळेत दाबलेल्या काचेच्या कापडाची मूठ असेल तर पद्धत हीच, ३२० पर्यंत, पण फक्त ओलं घासायचं आणि मास्क लावूनच, कारण त्यात काचेचे तंतू असतात, ती धूळ फुफ्फुसात जायला नको आणि अंगावर पडली तर दिवसभर खाजते. फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. म्हशीच्या शिंगाची मूठ ३२० ने मंद केली की पुरते. हाडाची असेल तर तिला जुने कारागीर आडव्यातिडव्या बारीक खाचा पाडत, हरणाच्या शिंगासारखं दिसावं म्हणून आणि पकडीसाठीही, पण घरी करू नका, हाड कडेने चिरतं. काळ्या प्लॅस्टिकच्या, तीन रिवेटच्या मुठी असतात त्यांना सोल्डरिंगच्या गरम टोकाने ठिपके पाडायचा उद्योग बरेच जण करतात, तोही नको, त्यातल्या पुष्कळ मुठी ॲसिटल नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात आणि तो तापवला की फॉर्मल्डिहाइडचा विषारी धूर निघतो. तिथे २२० चा पेपर आणि बस.

खाचांबद्दल विचारलंत म्हणून. खाचा मी पाडतो, पण बागेच्या आणि ट्रेकिंगच्या चाकूंना, स्वयंपाकघरातल्या सुरीला शक्यतो नाही. खाचेत कणीक, मसाला, कच्च्या मांसाचं पाणी जाऊन बसतं आणि रोज ब्रशने कोण घासतं, खरं सांगा. भावाच्या चाकूला पाडायच्याच असतील तर मुठीच्या पोटाला, जिथे बोटांची पेरं येतात तिथेच, तळहाताच्या बाजूला नाही. बारीक गोल कानस, एकमेकींपासून चार-पाच मिलिमीटरवर, खोली एक मिलिमीटरच्या आत, तीन किंवा चार पुरे. आधी पेन्सिलने आखून घ्या आणि पुठ्ठ्यातलं पातं वाइसमध्ये धरा, हातात धरून कानस चालवू नका. प्रत्येक खाचेची कड ४०० ने मोडायची नाहीतर अर्ध्या तासात फोड येतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. सुरुवातीच्या दिवसांत एका काकूंची रोजवुडची मूठ आली होती, त्यांच्या वडिलांची सुरी. घसरते म्हणाल्या आणि मी उत्साहात बारीक चौकड्या कोरल्या, बंदुकीच्या दस्त्यावर असतात तशा. दिसायला सुंदर झालं. महिन्याने त्या परत आल्या, चौकड्यांत हळद आणि कणीक बसून काळं झालेलं आणि तळहाताला लालसर चट्टे. मला ते सगळं घासून सपाट करावं लागलं आणि मूठ जवळजवळ दोन मिलिमीटर बारीक झाली, त्यांच्या हाताला ती पुन्हा कधी तशी बसली नाही. त्यांनी मला शब्दाने काही म्हटलं नाही, पैसेही दिले. वडिलांनी वापरलेलं लाकूड होतं ते. तेव्हापासून कुणाचीही जुनी मूठ हातात आली की मी आधी पेपर उचलतो, कानस नाही.

टेपचं लवकर संपवतो. सायकलची टेप, रॅकेटची ग्रिप, हीट श्रिंक नळी, हे सगळं पकड देतं पण स्वयंपाकघरात त्याखाली पाणी साचतं, लाकूड कुजतं आणि आतली पट्टी पिनांपाशी गंजते, आणि बाहेरून तुम्हाला कळतही नाही. ॲरल्डाइट लावून वर बारीक रेती भुरभुरायचा सल्ला पण फिरतो, ती मूठ म्हणजे हाताला लावलेला पॉलिश पेपर, आठवडाभरात कातडी सोलते.

काम झाल्यावर सांभाळणं सोपं आहे. सिंकमध्ये पाण्यात बुडवून ठेवू नका, डिशवॉशरमध्ये तर मुळीच नाही, तिथल्या गरम पाण्याने पट्ट्या चिकटवलेला इपॉक्सी मऊ पडतो. धुतली की लगेच पुसायची. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आवळतं, मे महिन्यात मुठीच्या कडेने लोखंडाची पट्टी नखाला लागते ती त्यामुळेच, सुरी बिघडलेली नसते. ३२० ने ती कड हलकेच मोडा आणि वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास आणि दिवाळीच्या आधी, तेलाचा एकच थर द्या. मूठ परत चकाकायला लागली, आणि वापरून वापरून ती लागतेच, हाताच्या घासण्यानेच लागते, तर हिरव्या घासणीचे दहा हात पुरतात.

तीन्ही सुऱ्या एकदम करायला घेऊ नका. आधी फक्त मधली, जी घसरली ती, करा आणि सासूबाईंना द्या. आठ दिवस त्यांनी ओल्या हाताने, तेलाच्या हाताने, लोणच्याच्या कैऱ्यांवर, जसं रोज वापरतात तसं वापरू दे आणि तुम्ही काही विचारू नका. स्वतःहून त्या दुसरी सोडून हीच उचलायला लागल्या तर मोठी सुरी पण तशीच करून टाका. सगळ्यात छोटी, फळं सोलायची, ती बहुतेक कोरड्या हाताने वापरली जाते, तिचं पॉलिश राहू द्या, सुंदर दिसतं ते शीशमवर. आणि पिठाच्या खुणा बघून आकारच चुकीचा निघाला तर खुणांसकट मुठीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, पट्ट्या कुणाकडूनही बदलून घेतल्यात तरी कुठे किती जाड ठेवायचं ते त्याला त्या फोटोवरूनच कळेल.